तीन पत्ते, पाच पत्ते

परवा भाचा आला होता. ऑनलाइन पोकर बंद झालं म्हणून हिरमुसलेला. "मामा, ते तुमच्या तीन पत्तीसारखं नाही. डोक्याचा खेळ आहे."

विदर्भातल्या माणसाला पत्त्यांचं काय सांगावं! पोळ्याला फड ठरलेलाच. आमच्या एका काकांनी तर दुपारी तोरणाखाली उभी केलेली बैलजोडी पहाटेपर्यंत हरली होती. (घरचे वाचतात, म्हणून नाव लिहीत नाही.)

तर, पोकर अमेरिकेतलं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, मिसिसिपीकाठचं. तेव्हा पत्ते २०च, दश्शीपासून एक्क्यापर्यंत. चौघांना पाच-पाच वाटले की संपले. ५२ नंतर आले. आपली तीन पत्ती ही इंग्रजांच्या ब्रॅगची लेक. ब्रॅग म्हणजे फुशारकी! हातात काही नसताना आव आणून समोरच्याला पळवायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

पण तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो आणि पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला. मला वाटायचं, अमेरिकेचं सगळंच उलटं. मग हिशेब मांडला. तीन पत्त्यांचे एकूण २२१०० हात होतात. त्यात साधे सिक्वेन्स ७२०, कलर १०९६. पाच पत्त्यांत कलर ५१०८ आणि सिक्वेन्स १०२००. जे कमी वेळा येतं ते मोठं, एवढंच. गंमत म्हणजे ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८, तरी आपल्याकडे ट्रेलच मोठी. तिथे हिशेबाला कोणी विचारलं नाही :)

भाच्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. हल्लीच्या पोकरमध्ये हातात दोन पत्ते, टेबलावर आधी तीन एकदम, मग एकेक करून दोन, असे पाच उघडे पडतात, बोली चारदा. विचाराला जागा आहे. कोर्टातही हाच वाद झालाय. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि त्याच निकालात तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा ठरवला. निकाल लिहिला न्या. हिदायतुल्ला यांनी. आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, १९५४ ते ५६ नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. पोळ्याचे फड त्यांच्या कानावर असणारच, असं आपलं मला वाटतं.

'निव्वळ' मात्र मला पटत नाही. न बघता खेळणाऱ्याला चाल अर्ध्या पैशात, बघून खेळणाऱ्याला दुप्पट. कोण कधी पत्ते उचलतो, यावरून जाणता माणूस बरंच ओळखतो. काका तर गावातले सगळ्यात हुशार खेळाडू होते म्हणे. अजूनही लोक सांगतात. बैल गेले तरी सांगतात.

२०२५ च्या कायद्याने हा वादच बाजूला ठेवला. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सगळेच बंद. राष्ट्रपतींची मंजुरी २२ ऑगस्टची. त्या दिवशी पोळा होता!

निघताना भाच्याला विचारलं, "किती गेले?"

बराच वेळ चपलाच घालत बसला. मग आकडा सांगितला. आता ताईलाही त्याने स्वतःच सांगितलंय, म्हणून लिहितोय. तेवढ्यात आजच्या भावाने दोन बैलजोड्या आल्या असत्या.