बेगमी, तरतूद आणि खावटी : साजगावच्या यात्रेच्या निमित्ताने

साजगाव हे खालापूर तालुक्यातील, खोपोलीला लागून असलेले, बोरघाटाच्या पायथ्याचे गाव. कार्तिकी एकादशीस येथे सुरू होऊन पुढे पंधरवडाभर चालणारी यात्रा उत्तर कोकणात सर्वश्रुत आहे. देव विठोबा, पण त्याचे लोकांतले नाव ‘बोंबल्या विठोबा’. यात्रेत सुक्या मासळीचे ढीग लागतात, बैलांचा बाजार भरतो, घोंगड्या आणि भांडी विकली जातात. वारकरी पंथाच्या अभ्यासकांनी या स्थानाकडे तुकारामकथेच्या संदर्भात पाहिले आहे. प्रस्तुत टिपणात दृष्टी वेगळी आहे. ज्या बाजारात संसाराला लागणारे टिकाऊ जिन्नस मिळतात, तो बाजार घराच्या इतिहासाचेही साधन ठरतो. आणि आपल्याकडे राज्यांचा, मठांचा व देवळांचा इतिहास जितका लिहिला गेला, तितका कणगीचा आणि उतरंडीचा लिहिला गेलेला नाही.

प्रथम नावाविषयी. ‘बोंबल्या’ या विशेषणाच्या दोन उपपत्ती सांगितल्या जातात. एक सुक्या बोंबलांच्या बाजाराशी जोडलेली, दुसरी ‘बोंब मारणे’ या अर्थाच्या हाकाटीशी. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष आहेत. ‘बोंबील’ या नामाचे सामान्यरूप ‘बोंबला-’ असे होते, त्यातील ईकार लोपतो, आणि त्यास ‘-या’ प्रत्यय लागून ‘बोंबल्या’ हे रूप सहज सिद्ध होते. उलट ‘बोंबलणे’ या धातूपासूनही, ‘रडणे’वरून ‘रड्या’ व्हावा तसा, ‘बोंबल्या’ होतो. तेव्हा हा वाद व्याकरणाने सुटणारा नाही. बाजार पाहिलेल्या मनुष्यास मात्र पहिली उपपत्ती अधिक पटते. वैष्णवांच्या देवाला मासळीवरून नाव पडावे याचे ज्यांना वैषम्य वाटते, त्यांनी दुसरीचा पुरस्कार केला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे.

तुकारामांच्या चरित्रपरंपरेत ते मिरच्या विकण्यासाठी कोकणात उतरल्याची कथा आहे, आणि या परिसरात ती साजगावशी जोडली जाते. भोळ्या व्यापाऱ्याचा माल लोक नेतात, पैसे थकवतात, आणि विठ्ठल येऊन वसुली करतो, असा तिचा सांगाडा. कथेतील चमत्कार श्रद्धेचा विषय म्हणून बाजूस ठेवला, तरी तिच्यातील मालाची निवड विचार करण्याजोगी आहे. मिरची अमेरिका खंडातली. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. नव्या वस्तूला लोकांनी जुन्याच ‘मिरे’ या शब्दाचे कुळ दिले (मूळ संस्कृत ‘मरिच’). म्हणजे शेदीडशे वर्षांच्या आत ही परदेशी वस्तू घाटावरून कोकणात विकावयास न्यावी इतकी घरगुती झाली होती, असे कथाकारांनी निःशंकपणे गृहीत धरले आहे. सुकी मिरची, सुकी मासळी आणि मीठ ही तिन्ही टिकणारी, आणि पावसाळ्यात ताजे काही मिळेनासे झाले म्हणजे भाताबरोबर तोंडी लावण्याची. ज्याच्या नावाने ही कथा सांगितली जाते, त्याचे स्वतःचे घर १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात उद्ध्वस्त झाले आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली, हेही त्याच चरित्रपरंपरेत सांगितलेले आहे.

साजगावच्या भौगोलिक स्थानाचा विचार केल्यावाचून येथील बाजाराचे मर्म कळत नाही. एका अंगास सह्याद्रीची भिंत, दुसऱ्या अंगास पाताळगंगेच्या खोऱ्याने पनवेल-पेणच्या खाड्यांकडे जाणारी वाट. खाडीकाठच्या मिठागरांचे मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढे आणि देशावरचे धान्य घाट उतरे. पावसाळ्याचे चार महिने ही वाहतूक जवळजवळ थांबत असे. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये झाला, लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ मध्ये आगगाडी घाट चढून गेली. त्याआधीच्या काळात पायथ्याच्या गावातील घराला ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत स्वतःच्या साठ्यावरच राहावे लागे. कार्तिकातली यात्रा ही त्या कोंडीनंतरची पहिली मोठी उलाढाल होय. पुढच्या पावसाळ्याची शेवटची खरेदी मात्र वैशाखात होई.

या वैशाखी खरेदीला कोकणात ‘आगोट’ म्हणतात. पावसाळ्याचे तोंड हा त्याचा एक अर्थ, आणि त्या तोंडावर उरकावयाची कामे व भरावयाचे सामान हा दुसरा. काळाचे नाव कामाला आणि कामाचे नाव वस्तूला मिळावे, हे अर्थविस्ताराचे उत्तम उदाहरण आहे. गोव्यात याच व्यवहाराला ‘पुरुमेंत’ हा शब्द आहे. तो पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’ या शब्दाचे रूपांतर होय.

प्रमाण मराठीतील दोन प्रचलित शब्द याहूनही बोलके आहेत. ‘बेगमी’ हा फार्सीतून आलेला; ‘बे’ म्हणजे वाचून आणि ‘गम’ म्हणजे दुःख, चिंता. मूळ अर्थ निश्चिंतपणा. मराठीने त्या मनःस्थितीचे नाव ती ज्यामुळे लाभते त्या साठ्यालाच दिले. ‘तरतूद’ मूळ अरबी ‘तरद्दुद’. त्याचा अर्थ येरझार, खटपट, मनाची घालमेल. एका शब्दाच्या मुळाशी चिंतामुक्ती आणि दुसऱ्याच्या मुळाशी चिंतेची धावपळ, आणि दोहोंचा आजचा अर्थ जवळजवळ एक. हे दोन्ही शब्द दफ्तरांच्या भाषेतून घरात शिरले असावेत. तथापि दफ्तरात ‘तरतूद’च राहिली, आणि ती आज अंदाजपत्रकात नांदते, ‘बेगमी’ स्वयंपाकघराने उचलली. या वाटणीत स्त्रियांच्या बोलीचा हात असावा असे वाटते, कारण साठा भरणारी आणि पुरवणारी तीच होती.

घरातील व्यवस्थेकडे वळू. देशावर कोरड्या जमिनीत पेवे खणून धान्य पुरण्याची चाल होती. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार तिचीच खूण आहे. उत्तर कोकणच्या पावसात जमिनीखाली दाणा टिकणे कठीण. म्हणून येथे साठा जमिनीपासून वर चढला. भात कणगीत, म्हणजे बांबूच्या विणीच्या, शेणमातीने लिंपलेल्या उभ्या पात्रात. बियाणे वेगळे, पेंढ्यात आवळून बांधलेल्या मुड्यात. वाल आणि इतर कडधान्ये राख किंवा कडुलिंबाचा पाला घालून मडक्यांत, मडक्यांची उतरंड भिंतीशी. चुलीच्या धुराखाली शिंके किंवा माळा, कारण धूर लागलेल्या मासळीला व मिरचीला बुरशी येत नाही. मीठ हवेतील ओल ओढून विरघळते, म्हणून त्याचे मडके चुलीच्या उबेजवळ. वैशाखात छप्पर शाकारावयाचे, पावसाच्या बाजूस गवताच्या वा झावळ्यांच्या तट्ट्या बांधावयाच्या, लाकूडफाटा आणि गोवऱ्या पडवीत रचावयाच्या. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, ती अंधारातही हाताला लागेल अशी. उतरंडीचा क्रमही अर्थपूर्ण होता. नित्य लागणारे वरच्या मडक्यात आणि क्वचित लागणारे तळाशी, त्यामुळे तळाच्या मडक्याला हात घालण्याची वेळ येणे म्हणजे घर अडचणीत असल्याची खूण.

घरगुती सिद्धतेविषयी मराठीतील एक अत्यंत महत्त्वाचा जुना लेख मात्र घरासाठी लिहिलेला नाही, तो लष्करासाठी आहे. चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजीमहाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास धाडलेले पत्र अभ्यासकांना परिचित आहे. त्यातील दोन मुद्दे येथे प्रस्तुत आहेत. पहिला असा की, पावसाळ्यासाठी जमविलेला दाणा व वैरण आरंभीच मनास येईल तशी खर्च केली, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, आणि मग शिपाई रयतेच्या घरात शिरतील. दुसरा आगीचा. कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील, उंदीर पेटती वात नेईल, आणि गवताला आग लागून पागाच नष्ट होईल. उंदराने वात नेण्याची ही कल्पना दरबारातल्या लेखणीला सुचणारी नव्हे. गवताने शाकारलेल्या घरात राहिलेल्या माणसाचा तो अनुभव आहे. साठा करणे आणि साठ्याला जपणे या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरीत हयगय झाली तर पहिली व्यर्थ जाते, हे त्या पत्राइतके स्पष्ट क्वचितच लिहिले गेले असेल. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरील पाण्याविषयी हीच दृष्टी दिसते : एका झऱ्यावर विसंबू नये, टाकी बांधून राखीव पाणी ठेवावे आणि ते जपावे.

आतापर्यंतचे वर्णन वाचून एखाद्याला जुन्या घराच्या नीटनेटकेपणाचे कौतुक वाटेल. ते अस्थानी नाही; परंतु ते अपुरे आहे. बेगमी करावयास शिल्लक लागते. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीत कातकरी व ठाकूर यांच्या वाड्या आहेत, आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबांना स्वतःची पुरेशी जमीन नव्हती. ज्या महिन्यांत सावकाराची कणगी उपयोगी पडे, तेच यांच्या उपासमारीचे महिने. तेव्हा उचल म्हणून मिळणाऱ्या धान्याला ‘खावटी’ असे नाव आहे. खाण्यापुरते ते खावटी. ते सुगीला वाढीने फेडावयाचे, आणि फेड न झाली तर मजुरीने. म्हणजे एकाच गावात एकाच पावसासाठी दोन व्यवस्था होत्या, आणि एकीचा साठा हे दुसरीच्या कर्जाचे भांडवल होते. ‘बेगमी’ शब्दातील निश्चिंती कोणाची, हा प्रश्न येथे कोशकाराने नव्हे, तर इतिहासकाराने विचारावयाचा आहे. महाराष्ट्र शासनाने पुढे ‘खावटी कर्ज’ हेच नाव आपल्या योजनेला दिले, आणि २०२० साली, कोरोनाच्या साथीत, ते ‘खावटी अनुदान’ झाले : अर्धे रोख, अर्धे वस्तुरूपाने. शब्द तोच राहून त्यामागचा देणारा बदलला, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसऱ्या महायुद्धाने घरच्या साठ्याचा नैतिक अर्थ पालटला. मुंबईत १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. ‘शिधा’ हा तोवर एका वेळच्या कोरड्या अन्नाचा, भिक्षुकाला वा पाहुण्याला द्यावयाचा शब्द. तो आता सरकारी मापाचा झाला, आणि त्याच्यापासून ‘शिधापत्रिका’ बनली. गरजेपेक्षा अधिक धान्य बाळगणे हा गुन्हा ठरू लागला, आणि ‘साठा’ या निरुपद्रवी शब्दापासून बनलेला ‘साठेबाजी’ हा दूषणाचा शब्द सर्वांच्या तोंडी बसला. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याने हा दृष्टिकोन स्थिर केला. आजी ज्याला शहाणपण म्हणत होती, त्याच्याकडे नातवाच्या काळात संशयाने पाहिले जाऊ लागले. व्यापाऱ्याची साठेबाजी आणि गृहिणीची बेगमी यांत कायदा प्रमाणाने भेद करतो. भाषेने तो दोन शब्दांनी आधीच केलेला होता.

संकटाला सामान्य मराठीत जे शब्द आहेत, त्यांची मर्यादाही येथे नोंदविली पाहिजे. ‘अडीनडीला असू द्यावे’ असे आपण म्हणतो. ‘अडणे’ आणि ‘नडणे’ या दोन धातूंच्या जोडीने हा शब्द झाला. त्यात गाडा अडतो, काम थांबते, पाहुणा अवेळी येतो, बाळंतीण अडते. पण घर मुळासकट नाहीसे होत नाही. पारंपरिक सिद्धता या अडण्यासाठी होती. ‘आपत्कालीन’, ‘आपत्ती व्यवस्थापन’ हे शब्द संस्कृताश्रित, प्रशासनाने रूढ केलेले, आणि २००५ च्या कायद्यानंतर सर्वत्र पसरलेले. त्यांच्यामागील प्रसंग वेगळ्या जातीचे आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी ही ठाकूरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि २३ जुलै रोजी शोध थांबविण्यात आला. संभाव्य दरडग्रस्त गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती.

येथे घरातील मांडणीचा, उतरंडीचा, शाकारणीचा काही उपयोग नव्हता. ज्या ज्ञानाची गरज होती ते घराबाहेरचे होते : उताराची माती किती पाणी धरते, भेगा कोठे पडल्या, किती पावसानंतर वाडी सोडावयाची, आणि सोडून जावयाचे कोठे. ते ज्ञान मिळविण्याचे व वाडीपर्यंत पोहोचविण्याचे काम ज्या यंत्रणेचे, तिची जबाबदारी कुटुंबावर ढकलता येत नाही. दरड कोसळण्याच्या नोंदी पाहिल्या तर महाड तालुक्यातील गावे २००५ च्या जुलैअखेरीस, आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी, महाडजवळचे तळिये २२ जुलै २०२१ रोजी, आणि इर्शाळवाडी १९ जुलैला. हे सर्व आषाढ-श्रावणाचे दिवस. आगोट भरून झालेली असते, शेताची लावणी चालू असते, तट्ट्या बांधून घर पावसाच्या बाजूने बंद केलेले असते, आणि सबंध कुटुंब रात्री त्याच छपराखाली असते.