उंडेऱ्याची टोचणी

अमुक लसीचा गुण आला असे आपण सहज म्हणतो. पण गुण कोणाला आला आणि कशाच्या तुलनेने, हे विचारीत नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी तेथेच लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस ती टोचण्यात आली. त्यांच्यांत लागण कमी दिसली खरी. पण आपण होऊन पुढे येणारा मुळातच धडधाकट नसेल कशावरून?

ही शंका फेडण्याचा यत्न १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातील उंडेरा गावी झाला. तेथे प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्मी माणसे टोचली. युक्ती साधी, पण नामी: छप्पर एक, चूल एक, उंदीरही तेच! पुढे २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले, २६ दगावले.

यात गुण दोन आहेत. पहिला रोग जडू न देण्याचा: शेकडा ४२ च्या जागी ११. दुसरा, जडल्यावर जीव राखण्याचा: न टोचलेल्या २७ आजाऱ्यांत एकच वाचला, टोचलेल्या ८ जणांत ५ वाचले. अर्थात आठ माणसांवर फार मोठा इमला उभारू नये. तुलनेची माणसे सारखी हवीत व त्यांना रोगाचा धोकाही सारखा हवा, या अटी ग्रीनवुड व यूल यांनी १९१५ साली रीतसर मांडल्या.

परंतु सगळे गाव टोचले असते तर? याचे उत्तर उंडेऱ्याच्या आकड्यांत नाही. देवी माणसाकडून माणसाकडे जात. म्हणून देवीची लस घेतलेला शेजाऱ्यासही राखी. गाठीचा प्लेग पसरतो तो मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे. सिमाँ यांनी १८९८ मध्येच हे सांगितले. लोकांना पटायला वर्षे लागली. शेजारी टोचून आला म्हणून माझ्या घरची पिसू चावायची थोडीच राहते!

गाव सोडून माळावर झोपड्यांत राहण्याच्या जुन्या उपायाची गोष्ट निराळी. त्याचा गुण येईल तो साऱ्या गावाला मिळून. तेथे अर्धे घर विरुद्ध अर्धे घर ही तुलना चालत नाही. गावाशी गावच ताडावा लागतो. समजा, मैंदर्गी माळावर गेली आणि शेजारचे गाव जागचे हलले नाही. पण दोन्ही गावांत मुळात उंदीर सारखेच होते, हे कोणी मोजले होते?