गॅरेजात आली की गाडी बरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दुखरा दात डॉक्टरांच्या दारात पोहोचला की दुखायचा थांबतो, हा अनुभव पुष्कळांचा असेल. मोटारींचंही तसंच असतं. चढावर, भर उन्हात गाडी अडखळते, आचके देते. आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकसमोर उभी केली की शिवणयंत्रासारखी चालते. आपल्या गॅरेजांत या दुखण्याला ‘मिसिंग’ म्हणतात. मालक म्हणतो, गाडी मिसिंग मारते. मेकॅनिक बॉनेट उघडून कान लावतो आणि म्हणतो, आत्ता तर काही नाही. दोघंही खरंच बोलत असतात.

अशी अधूनमधून येणारी मिसिंग पकडायची कशी, याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो बराचसा घडला अमेरिकेत, आणि तिथल्या पिकअप ट्रकांचा त्यात मोठा वाटा आहे. आपल्याकडचे पिकअप बहुतेक डिझेलचे. डिझेल इंजिनात ठिणगी लागतच नाही, म्हणून हे दुखणं त्यांना या रूपात होत नाही. अमेरिकेतला शेतकऱ्याचा, सुताराचा पिकअप मात्र बहुधा पेट्रोलवर चालणारा, आणि पंधरा-वीस वर्षं सहज वापरला जाणारा.

आधी एक हिशेब. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याला सेकंदाला दीडशे ठिणग्या लागतात. त्यातली एखादी हुकली तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण एकाच सिलिंडरच्या ओळीने दहा-वीस हुकल्या की गाडीला हिसका बसतो. ठिणगी का हुकली, हा पुढचा प्रश्न. कुठल्या सिलिंडरची हुकली, हा पहिला.

या पहिल्या प्रश्नाचं फार सोपं उत्तर हेन्री फोर्डच्या १९०८ सालच्या मॉडेल टी गाडीत होतं. तिच्या चार सिलिंडरांना चार वेगळ्या कॉइल, एका लाकडी पेटीत बसवलेल्या. प्रत्येक कॉइलवर एक पोलादी पट्टी थरथरत असे, भुंग्यासारखी गुणगुणत. मिसिंग सुरू झाली की पेटीचं झाकण काढायचं आणि बोटांनी पट्ट्या दाबून धरायच्या. पट्टी दाबली की त्या सिलिंडरची ठिणगी बंद. दाबल्यावर इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर काम करत होता. दाबूनही काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच! फोर्ड कंपनीने मालकांना दिलेल्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेत ही युक्ती सांगितलेली असे. खेड्यातल्या ज्या शेतकऱ्याला जवळपास मेकॅनिक नव्हता, त्याच्यासाठी ही गोष्ट किती मोलाची होती, हे वेगळं सांगायला नको. १९२५ साली याच मॉडेल टीच्या मागे मालाचा पेटारा बसवून फोर्डने २८१ डॉलरला ‘पिकअप’ विकायला काढला. कारखान्यातूनच तयार होऊन येणारा हा पहिला पिकअप मानतात.

ही सोय पुढे गेली, कारण तिच्याहून स्वस्त आणि सुटसुटीत रचना आली होती. ओहायो राज्यातल्या डेटनमध्ये चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने १९०९-१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बॅटरीवर चालणारी नवी इग्निशन बनवली. त्याच्या कंपनीच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं म्हणजे डेल्को. स्पॅनिश भाषेत डिस्ट्रिब्यूटरला आजही डेल्कोच म्हणतात, आणि आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांच्या तोंडीही हा शब्द असे. तो एका कंपनीचा आहे हे कुणाच्या गावीही नसे. या रचनेत सगळ्या सिलिंडरांना मिळून एकच कॉइल. पॉइंट उघडले की कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार व्हायचा आणि डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता रोटर तो पाळीपाळीने एकेका प्लगला वाटायचा. पॉइंटांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. आपली अॅम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी याच रचनेवर चालल्या.

आता गंमत पाहा. चार कॉइलच्या पेटीत एक बिघडली तर एक सिलिंडर जाई. इथे कॉइल एक, पॉइंट एक, कंडेन्सर एक. त्यात कुठेही खोट आली की सगळेच सिलिंडर हुकायचे, आणि तेही लहरीप्रमाणे. कंडेन्सरच्या डबीत कागदाच्या आणि धातूच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी असते. ती गरम झाली की आतलं इन्सुलेशन दगा देतं आणि निवली की पूर्ववत होतं. गरम-गार होण्याचा असाच खेळ कॉइलच्या आतल्या बारीक तारेतही चालतो. ओलीचं उलट. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला केसाएवढी चीर गेली असेल, तर ओलसर सकाळी वीज त्या चिरेतून पळते आणि इंजिन तापून टोपी वाळली की तक्रार संपते. गाडी कधी मिसिंग मारते, थंड असताना की तापल्यावर, चढावर की उभी असताना, पावसात की उन्हात, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली तर निम्मं काम बॉनेट न उघडताच होत असे.

मला यातला सर्वांत लबाड वाटतो तो डिस्ट्रिब्यूटरमधला वीतभरही नसलेला वायरचा तुकडा. ज्या पट्टीवर पॉइंट बसवलेले असतात, ती अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की इंजिनातल्या निर्वातामुळे थोडी मागेपुढे सरकते. तिच्याबरोबर ही वायर वर्षानुवर्षं वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. शेवटी आतल्या तांब्याच्या तारा तुटतात, पण वरचं आवरण शाबूत राहतं. दिसायला वायर धडधाकट. इंजिन नुसतं चालू असताना तुटकी टोकं एकमेकांना टेकलेली, आणि वेग घेताना सुटणारी! गॅरेजात उभ्या गाडीवर ही खोट सापडायची कशी? अनुभवी मेकॅनिक इंजिन चालू ठेवून नळीने निर्वात द्यायचा, पट्टी सरकवायचा, आणि वायर हलकेच ओढून बघायचा. रबरासारखी ताणली गेली, की आत तांबं तुटलंय. प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरींसाठी अंधार बरा. रात्री दिवे मालवून इंजिन चालू केलं की वीज जिथून गळते तिथे निळसर रेघा चमकताना दिसतात.

१९५०-६० च्या दशकांत मोठ्या गॅरेजांत पडद्याची यंत्रं आली. प्रत्येक ठिणगीची रेघ हॉस्पिटलातल्या ईसीजीसारखी पडद्यावर दिसे. यंत्र उत्तम, पण गाडी समोर उभी असताना मिसिंग झाली तरच उपयोग. म्हणून काही मेकॅनिक साधी शक्कल लढवत. टायमिंग लाइटचा चिमटा कॉइलच्या वायरीला लावायचा, दिवा काचेतून दिसेल असा बांधायचा आणि सरळ रस्त्यावर निघायचं. हिसका बसताना दिव्याचं लुकलुकणं थांबलं तर दोष विजेचा; लुकलुकत राहिला तर पेट्रोलच्या वाटेवर शोधा.

१९७० च्या दशकात पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आली. आता झिजायला काही उरलं नाही, असं वाटलं. उष्णता मात्र उरलीच होती. फोर्डने १९८३ पासून आपल्या अनेक मोटारींत आणि पिकअपांत एक छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल वापरलं, आणि ते बसवलं थेट तापणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर. त्याच्या पाठीला उष्णता वाहून नेणारं खास ग्रीस लावावं लागे. मॉड्यूल फार तापलं की इंजिन मिसिंग मारी किंवा धावत्या रस्त्यावर गप्प होई. वीस मिनिटांनी, निवल्यावर, पुन्हा सुरू. टो करून गॅरेजात नेईपर्यंत गाडी ठणठणीत! काढून टेबलावर तपासलं तरी थंड मॉड्यूल परीक्षेत पास. शहाणे मेकॅनिक ते केस वाळवायच्या यंत्राने तापवून मग तपासत.

अमेरिकी सरकारच्या वाहन-सुरक्षा यंत्रणेने १९८० च्या दशकात या गाड्या बंद पडण्याच्या तक्रारींची चौकशी केली होती, पण या मॉड्यूलसाठी गाड्या परत बोलावण्याचा आदेश निघाला नाही. पुढे मालकांनी कॅलिफोर्नियात सामूहिक दावा लावला. २००० साली अॅलमेडा काउंटीचे न्यायाधीश मायकेल बॅलची यांनी निकाल दिला, की कंपनीला या दोषाची कल्पना होती आणि तिने तो दडवला. कॅलिफोर्नियातल्या सुमारे सतरा लाख गाड्या परत बोलावण्याचा हुकूम त्यांनी काढला. फोर्डने आरोप नाकारले. २००१ मध्ये तडजोड झाली आणि मॉड्यूल बदलण्याचा खर्च देण्याचं कंपनीने कबूल केलं. इतकी वर्षं ज्यांना गॅरेजात ‘आत्ता तर काही नाही’ हे ऐकावं लागलं होतं, त्यांचं म्हणणं निदान कोर्टाच्या कागदावर आलं.

तोवर साक्षीदार म्हणून खुद्द गाडीच उभी राहू लागली होती. कारण मात्र धुराचं होतं. हुकलेल्या ठिणगीचं न जळलेलं पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळवून टाकतं. म्हणून १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीने आणि हलक्या पिकअपने मिसिंग स्वतः ओळखलीच पाहिजे, असा नियम झाला. पद्धत साधी आहे. सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला ढकल मिळते. हुकला की शाफ्ट कणभर मंदावतो. संगणक हे कणभर मंदावणं मोजतो, सिलिंडरचा नंबर ओळखतो आणि त्या क्षणीचा वेग, भार, तापमान टिपून ठेवतो. पी०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर. पी०३०० म्हणजे चोर ठरावीक नाही. खडबडीत रस्त्यावर चाकांचे धक्के शाफ्टपर्यंत पोहोचतात आणि संगणकही फसू शकतो, ते वेगळं.

हे यंत्र चोराचं घर सांगतं, नाव सांगत नाही. तिसरा सिलिंडर हुकतो तो कॉइलमुळे, प्लगमुळे, पेट्रोलच्या इंजेक्टरमुळे की गळक्या व्हॉल्व्हमुळे, हे माणसालाच शोधावं लागतं. पुढच्या काळात इंजिनांत पुन्हा प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल आली, मॉडेल टीसारखी. आणि तपासणीही जवळपास तशीच: तिसऱ्याची कॉइल काढून पाचव्यावर बसवायची, पाचव्याची तिसऱ्यावर, आणि गाडी रस्त्यावर काढायची. कोड पी०३०५ झाला, तर कॉइल नवी घ्या. पी०३०३ च राहिला, तर प्लग काढून बघा.