कमोगी : 2025 चा आंतरकाउंटी हंगाम

आयर्लंडमधील स्त्रियांच्या कमोगी या मैदानी खेळात काउंटी संघांमध्ये 2025 साली झालेल्या स्पर्धांचा हंगाम. वसंतात राष्ट्रीय लीग, त्यानंतर प्रांतिक स्पर्धा आणि उन्हाळ्यात अखिल आयर्लंड अजिंक्यपद असा त्याचा नेहमीचा क्रम याही वर्षी होता. लीगचे विजेतेपद कॉर्कने, तर अजिंक्यपद गॉलवेने मिळवले. या दोन निकालांपेक्षाही हा हंगाम लक्षात राहील तो खेळाडूंच्या पोशाखाच्या प्रश्नासाठी. मैदानावर स्कॉर्ट घालण्याची सक्ती याच हंगामात, खेळाडूंच्या उघड विरोधामुळे, रद्द झाली.

खेळाचे स्वरूप : कमोगी हे पुरुषांच्या हर्लिंगचे स्त्रियांसाठीचे रूप. दोन्ही संघांत पंधरा-पंधरा खेळाडू असतात आणि काउंटी पातळीवर सामना साठ मिनिटांचा असतो. हातात ॲश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी चपटी व रुंद होणारी हर्ली नावाची काठी असते. चेंडूला स्लिटर म्हणतात. तो चामड्याचा असून त्याच्या शिवणीच्या कडा वर उठलेल्या असतात. हॉकीत चेंडू बहुतेक वेळ जमिनीवर असतो, कमोगीत तो बहुतेक वेळ हवेत असतो. जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलता येत नाही, तो हर्लीच्या टोकाने उडवून मग झेलावा लागतो. हातात धरून चार पावलांपुढे जाता येत नाही. त्यापुढे धावायचे असेल तर चेंडू हर्लीच्या पात्यावर तोलत धावावे लागते, आणि तेही प्रतिस्पर्धी खेळाडू अंगाला अंग भिडवून काठी आडवी घालत असताना. हेल्मेट सक्तीचे असते.

गोलखांब इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे असतात. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून दोन खांबांमधून गेला तर एक गुण. धावफलकावर गोल आणि गुण वेगवेगळे लिहिण्याची पद्धत असल्याने 1-14 याचा अर्थ एक गोल व चौदा गुण, एकूण सतरा असा होतो. या नोंदीतील निकाल याच पद्धतीने दिले आहेत.

पूर्वपीठिका : कमोगीचा पहिला जाहीर सामना 17 जुलै 1904 रोजी नॅव्हन येथे झाला. आयरिश भाषा व संस्कृतीच्या पुनरुज्जीवनाच्या चळवळीत वावरणाऱ्या डब्लिनमधील तरुणींनी हा खेळ उभा केला. त्यांच्यातील एक अग्रणी मॉरे नी खिन्येडे पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या कमोगी संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. संघटना मधल्या काळात अनेकदा थंडावली आणि पुन्हा उभी राहिली. अखिल आयर्लंड अजिंक्यपद 1932 मध्ये सुरू झाले. त्याचा चषक शॉन ओ'डफी यांनी दिला आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पहिले विजेतेपद गॉलवेला हरवून डब्लिनने मिळवले. संघात पूर्वी बारा खेळाडू असत. पंधरा खेळाडू आणि हर्लिंगएवढे मोठे मैदान ही पद्धत 1999 पासून आली.

पोशाखाचा प्रश्न या खेळाच्या जन्मापासूनच त्याच्या बरोबर आहे. सुरुवातीच्या खेळाडू जवळजवळ घोट्यापर्यंत येणारे झगे घालून धावत. चेंडू मुद्दाम झग्याने अडवणे हा त्या काळच्या नियमांत फाउल धरला जाई. पुढे शाळकरी मुलींसारखा बिनबाह्यांचा फ्रॉक व लांब मोजे आले, मग आखूड स्कर्ट आणि अखेर स्कॉर्ट. स्कॉर्ट म्हणजे आतून चड्डी शिवलेला स्कर्ट. हर्लिंग खेळणारे पुरुष शॉर्ट्स घालतात. गेलिक फुटबॉल खेळणाऱ्या स्त्रियाही शॉर्ट्सच घालतात. आयर्लंडमध्ये कमोगी आणि गेलिक फुटबॉल हे दोन्ही खेळ खेळणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. कॉर्कच्या रीना बकली यांनी दोन्ही खेळांत मिळून अखिल आयर्लंडची अठरा पदके मिळवली आणि दोन्ही संघांचे कर्णधारपदही भूषवले. अशा खेळाडूला एका खेळात शॉर्ट्स चालत आणि दुसऱ्यात चालत नसत, याचे पटेल असे कारण कोणी कधी दिलेले नाही.

लीग : राष्ट्रीय कमोगी लीग 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. काउंटी संघ ताकदीनुसार गटांत विभागलेले असतात आणि वरच्या गटातील पहिले दोन संघ अंतिम सामना खेळतात. प्रशिक्षकांच्या दृष्टीने लीग म्हणजे नव्या मुलींना अजमावण्याची जागा. ओल्या, जड मैदानांवर वसंतात खेळलेल्या या सामन्यांना उन्हाळ्यातल्या अजिंक्यपदाची झळाळी नसते, पण ऑगस्टमध्ये कोणाचा संघ टिकणार याचा अंदाज इथेच येतो. 2025 मध्ये तो बराचसा खरा ठरला. एप्रिलमधील अंतिम सामना कॉर्क आणि गॉलवे यांच्यात झाला, कॉर्कने तो जिंकला, आणि चार महिन्यांनी हेच दोन संघ डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर पुन्हा समोरासमोर आले.

स्कॉर्टविरोधी आंदोलन : नियमानुसार खेळाडूच्या पोशाखात स्कर्ट, स्कॉर्ट किंवा दुभागलेला स्कर्ट असणे बंधनकारक होते. कमोगी संघटनेच्या एप्रिल 2024 मधील वार्षिक अधिवेशनात या बाबतीत दोन ठराव आले. स्कर्टच्या जागी शॉर्ट्स आणाव्यात हा ठराव 64 टक्के मतांनी फेटाळला गेला. शॉर्ट्सचा निदान पर्याय तरी द्यावा हा दुसरा, सौम्य ठरावही 55 टक्के विरोधी मतांनी पडला. ठराव आणण्याच्या नियमांमुळे हा विषय पुन्हा 2027 पर्यंत चर्चेला येणार नव्हता.

मतदान करणारे प्रतिनिधी होते आणि स्कॉर्ट घालून खेळणाऱ्या दुसऱ्याच कोणी होत्या, ही या निर्णयातली खरी अडचण. आंतरकाउंटी खेळाडूंची संघटना असलेल्या गेलिक प्लेयर्स असोसिएशनने साडेसहाशे खेळाडूंची पाहणी केली. तिच्यात 70 टक्के खेळाडूंनी स्कॉर्टचा त्रास होतो असे सांगितले आणि 83 टक्क्यांना निवडीचा अधिकार हवा होता. छायाचित्रांत व चित्रीकरणात अंग उघडे दिसेल याची धास्ती वाटते, असे जवळजवळ निम्म्या, म्हणजे 49 टक्के खेळाडूंनी नोंदवले. खेळात पडणे, घसरणे, वाकणे हे सतत चालते आणि सामने टीव्हीवर दिसतात. ही धास्ती उगाच नव्हती. सराव तर बहुतेक जणी शॉर्ट्स घालूनच करत होत्या.

3 मे 2025 रोजी लेन्स्टर प्रांताच्या उपांत्य सामन्यासाठी डब्लिन आणि किल्केनी हे दोन्ही संघ शॉर्ट्स घालून मैदानात उतरले. पंचांनी नियमावर बोट ठेवले : स्कॉर्ट घातला नाही तर सामना होणार नाही. तोपर्यंत प्रतिस्पर्धी संघांनी एकत्र उभे राहून छायाचित्र काढून घेतले होते. मग खेळाडूंनी कपडे बदलले आणि सामना पार पडला. पंचांना यात दोष देता येत नाही, त्यांच्यापुढे नियम स्पष्ट होता. डब्लिनची कर्णधार ॲशलिंग माहर हिने त्यानंतर समाजमाध्यमावर आपली उद्विग्नता व्यक्त केली. इतकी वर्षे मन लावून खेळल्यावर काय घालायचे हे दुसऱ्यांनी ठरवावे, याचा तिला वीट आला होता. तिचे म्हणणे देशभर पोचले आणि एरवी या खेळाकडे न फिरकणारे लोकही त्यावर बोलू लागले.

आठवड्याभरात मन्स्टर प्रांताचा अंतिम सामना आला. कॉर्क आणि वॉटरफर्ड या दोन्ही संघांनी शॉर्ट्स घालून उतरायचे ठरवले होते. 10 मे रोजी होणारा हा सामना ऐन वेळी पुढे ढकलण्यात आला. महिनोन् महिने तयारी केलेल्या खेळाडूंना बसलेला हा मोठा फटका होता, आणि वाद चिघळवणारा याहून वाईट निर्णय शोधूनही सापडला नसता. प्रांतिक अंतिम सामना पुढे गेला तो पावसामुळे किंवा आजारपणामुळे नव्हे, खेळाडूंच्या चड्डीमुळे. कमोगी संघटनेपुढे आता माघारीखेरीज मार्ग उरला नाही.

अध्यक्ष ब्रायन मलॉय यांच्या काळातच विशेष अधिवेशन बोलावण्यात आले. ते 22 मे रोजी क्रोक पार्क येथे भरले. शॉर्ट्स किंवा स्कॉर्ट यांपैकी काय घालायचे हे खेळाडूने ठरवावे, हा ठराव 98 टक्के मतांनी मंजूर झाला आणि लगेच अमलात आला. एका वर्षापूर्वी जवळजवळ हाच पर्याय बहुमताने नाकारला गेला होता. एवढ्या थोड्या काळात मते फिरली याचे श्रेय त्या दोन सामन्यांतल्या चारही संघांना द्यावे लागते. कोणी सामन्यातून अंग काढून घेतले नाही, पंचांशी हुज्जत घातली नाही. प्रतिस्पर्ध्यांनी मात्र एकमेकींची साथ सोडली नाही. स्कॉर्टवर बंदी आलेली नाही, हेही इथे नोंदवायला हवे. ज्यांना तो सोयीचा वाटतो त्या तो घालू शकतात.

अजिंक्यपद : प्रश्न सुटल्यावर खेळाकडे लक्ष वळले. कॉर्क सलग तिसऱ्या विजेतेपदासाठी खेळत होता. 2023 मध्ये त्याने वॉटरफर्डला 5-13 विरुद्ध 0-9 असे लोळवले होते, तर 2024 मध्ये गॉलवेवर 1-16 विरुद्ध 0-16 अशी निसटती मात केली होती. 2025 च्या उपांत्य फेरीत कॉर्कने वॉटरफर्डला आणि गॉलवेने टिपेरारीला हरवले.

अंतिम सामना 10 ऑगस्ट रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर झाला. पूर्वार्धातच कॉर्कच्या हॅना लूनीला लाल कार्ड मिळाले आणि संघाला उरलेला सगळा खेळ चौदा जणींवर काढावा लागला. एक खेळाडू कमी असलेला संघ एवढ्या मोठ्या मैदानावर सहसा उत्तरार्धात थकतो. कॉर्क थकला नाही. त्याने पिछाडी भरून काढत सामना बरोबरीत आणला, आणि हा हंगामातला सर्वांत कसदार खेळ होता, मग निकाल काहीही लागला असला तरी. निकाल लागला तो भरपाईच्या वेळेत. गॉलवेला मिळालेली फ्री (प्रतिस्पर्ध्याच्या फाउलबद्दल मिळणारा मोकळा फटका) मैदानाच्या कडेला, खांबांचा कोन अरुंद दिसेल अशा जागी होती. कर्णधार कॅरी डोलन हिने चेंडू हर्लीने वर उडवला आणि तिथून दांडीवरून मारला. गॉलवे 1-14, कॉर्क 1-13. कॅहल मरी यांच्या प्रशिक्षणाखाली गॉलवेने मिळवलेले हे तिसरे विजेतेपद. याआधीची दोन 2019 आणि 2021 मधली. 1932 चा पहिला अंतिम सामना हरलेल्या या काउंटीला पहिल्या विजयासाठी 1996 पर्यंत थांबावे लागले होते, हे लक्षात घेतले तर सहा-सात वर्षांतल्या या तीन विजयांचे मोल कळते.

हंगामानंतरची स्थिती : कमोगी खेळाडू हौशी आहेत, काउंटीकडून खेळण्याचे मानधन त्यांना मिळत नाही आणि नोकरी किंवा शिक्षण सांभाळून त्या सराव करतात. कमोगी संघटना, स्त्रियांच्या गेलिक फुटबॉलची संघटना आणि पुरुषांचे खेळ चालवणारी जीएए या तीन स्वतंत्र संस्था एकत्र आणण्याचे काम माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे असून त्यासाठी 2027 ची मुदत ठरली आहे. मैदाने, वैद्यकीय मदत आणि प्रवासखर्च यांत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने वाटा मिळायचा असेल, तर हे एकत्रीकरण वेळेवर व्हायला हवे. 2025 अखेर अजिंक्यपदांची संख्या अशी : कॉर्क 30, डब्लिन 26, किल्केनी 15, गॉलवे 5.