एक गिटार, दोन अॅम्प्लिफायर आणि तिसरी पिन

लकडगंजात राहणाऱ्याला आवाजाची सवय असते. दिवसभर आरा मशीन सागवान चिरत असतात, सणासुदीला रस्त्यावरून धुमाल जातो. तरी माझ्याच खोलीतल्या एका आवाजानं मला दोन आठवडे छळलं. गिटारच्या कोरस पेडलला दोन आउटपुट होते. एक माझ्या अॅम्प्लिफायरला जोडला, दुसरा मित्राकडून आणलेल्याला. तारेला हात लावायच्या आधीच घूंऽऽ सुरू. कुठलाही एक अॅम्प्लिफायर काढला की शांत.

मित्राचं निदान तयार होतं : "आरा मशीनच्या मोटरीमुळे आहे बे." मग रात्री दोन वाजता, सगळ्या मोटरी बंद असताना पाहिलं. घूं तशीच. लॅपटॉपवर रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम काढला तर 50, 100, 150 हर्ट्झ. गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणजे 50 गिटारचा असूच शकत नाही. तो भिंतीतल्या विजेचा.

आता तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर मला पडलेला प्रश्न तुम्हालाही पडू द्या. पेडलला दोन आउटपुट दिलेच कशाला?

1958 च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या अमेरिकेच्या बाजारात नुकत्याच आल्या होत्या. त्याच वर्षी ग्रेच कंपनीनं 'प्रोजेक्ट-ओ-सॉनिक' नावाची सोय असलेल्या गिटार काढल्या : खालच्या स्वरांच्या तीन तारा एका अॅम्प्लिफायरकडे, वरच्या तीन दुसऱ्याकडे. 1959 मध्ये गिब्सनची ईएस-345 आली, 1960 मध्ये रिकनबॅकरनं तसंच काही केलं. आपल्या धुमालच्या गाडीवर क्रॉसओव्हर लावून बेस एका अॅम्प्लिफायरला आणि ट्रेबल दुसऱ्याला देतात, त्याचा हा लांबचा भाऊ म्हणा. फरक एवढाच की तिथं वाटणी फ्रिक्वेन्सीची, इथं तारांची.

पण आपल्या गोष्टीचा खरा धागा 1969 मध्ये सुरू होतो, आणि तोही गिटारपासून दूर. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी 'बकेट ब्रिगेड' हे सर्किट मांडलं. लाकडाच्या बाजारात हे समजावणं सोपं आहे. आग लागली की माणसं रांगेत उभी राहून बादली हातोहात पुढे देतात ना, तसं सिग्नलचा विद्युतभार एका कपॅसिटरमधून पुढच्यात द्यायचा. शेवटच्या बादलीपर्यंत पोचायला वेळ लागतो, तोच आपला विलंब. हा विलंब सतत थोडा कमी-जास्त केला की सूर किंचित वर-खाली हलतो.

रोलंडनं 1975 मध्ये जेसी-120 या अॅम्प्लिफायरमध्ये हेच वापरलं. एका खोक्यात 60 वॉटचे दोन अॅम्प्लिफायर, दोन स्पीकर. एकातून कोरा सूर, दुसऱ्यातून हलता, आणि दोघांची मिसळ खोलीच्या हवेत. 1976 मध्ये तेच कोरस सर्किट वेगळं काढून बॉसनं सीई-1 हे पेडल विकायला आणलं, दोन आउटपुटांसह. माझ्या पेडलचा हा आजोबा.

इथं नीट बघा. जेसी-120 मध्ये अॅम्प्लिफायर दोन असले तरी खोकं एक, प्लग एक, अर्थिंग एक. पेडल वेगळं झाल्यावर प्लग दोन झाले. दोन्ही अॅम्प्लिफायर अर्थिंगनं भिंतीत जोडलेले आणि केबलच्या जाळीनं पेडलमध्येही जोडलेले. झालं तांब्याचं एक मोठं कडं तयार. आसपासच्या वीजवाहिन्यांच्या चुंबकीय क्षेत्रानं त्यात 50 हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि तो सिग्नलमध्ये मिसळतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावले तेव्हा कडं लहान झालं, घूं कमी झाली, गेली नाही.

मग 1958 वाल्यांना हा त्रास कसा झाला नाही? तिथल्या त्या काळच्या अॅम्प्लिफायरना बहुधा दोनच पिनांचा प्लग असे. कडं पूर्ण होतच नव्हतं. मित्रानं सुचवलेला दुसरा उपाय नेमका हाच : "एकाची अर्थ पिन काढून टाक." काढली. घूं तत्काळ बंद! मी खूश.

दोन दिवसांनी वाचनात आलं. 1972 मध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी वेल्समधल्या स्वान्सी इथं, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून स्टेजवरच गेला. 1976 मध्ये यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ घरी, अर्थिंग धड नसलेली गिटार वाजवताना. गिटारच्या तारा केबलच्या जाळीला जोडलेल्या असतात, म्हणजे वादकाची बोटं सदैव त्या सर्किटला चिकटलेली. त्याच संध्याकाळी पिन परत बसवली.

तोडायचं असतं ते अर्थिंग नव्हे, सिग्नलच्या बाजूचं तांबं. दोनपैकी एका केबलमध्ये 1:1 चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. सूर चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, जाळी मात्र पलीकडे जोडायची नाही. पत्र्याच्या डबीत बसवणार असाल तर एक जॅक प्लास्टिकच्या वॉशरनं डबीपासून वेगळा ठेवा. माझा पहिला प्रयत्न तिथंच फसला होता. दुसऱ्या प्रयत्नात घूं गेली, पण सूर पोकळ, बेस गायब. एक स्पीकर पुढे ढकलताना दुसरा मागे ओढत होता. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूच्या दोन वायरी उलटवल्या आणि जाड तार छातीत वाजली.

हे सगळं इथं सांगायचं कारण वेगळंच. त्या महिन्यात माझ्या प्रयोगाच्या आलेखातही 50 हर्ट्झपाशी एक टोक दिसत होतं. नमुन्याचा सिग्नल मी ऑसिलोस्कोपला आणि डेटा घेणाऱ्या कार्डाला एकाच वेळी दिला होता, दोघांचे प्लग वेगवेगळ्या भिंतींवर. त्या टोकाचं भौतिक स्पष्टीकरण म्हणून मी प्रगती अहवालात दोन परिच्छेद लिहूनही झाले होते. सोमवारी ऑसिलोस्कोपची केबल काढून पाहिली. टोक जवळजवळ नाहीसं झालं. अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. ते दोन परिच्छेद मंगळवारी खोडले.