मुका 'बी'

सहावीत असताना एका मुक्या अक्षरापायी मी छड्या खाल्ल्या आहेत. शब्द 'कर्ज' या अर्थाचा. म्हणायचं 'डेट', पण लिहिताना पोटात एक 'बी' घालायचा. मी तो गाळला, दोन छड्या बसल्या. "सर, बोलायचा नाही तर लिहायचा कशाला?" म्हणून विचारलं, तिसरी बसली.

पेन्शनीत निघाल्यावर कळलं की तो 'बी' मुळात नव्हताच! फ्रेंचांकडून शब्द आला तेव्हा बिनबीचाच आला होता. पुढे पंडितांना लॅटिनमधला 'डेबिटम' आठवला आणि त्यांनी 'बी' घुसवला. म्हणजे छड्या मला नव्हे, पंडितांना बसायला हव्या होत्या.

तसं इंग्रजांचं आधी सगळंच 'ज्याचं त्याचं' होतं. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, तेव्हा छापायची कुठली इंग्रजी हाच पेच पडला. १४९० साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं किस्साच सांगितलाय. काही व्यापारी थेम्समधून जहाजानं निघाले, वारा पडला, म्हणून काठावर उतरले. एकानं तिथल्या बाईंकडे 'एगिज' मागितली. बाई म्हणाल्या, "मला नाही हो फ्रेंच येत!" गृहस्थ भडकले, कारण फ्रेंच त्यांनाही येत नव्हतं! दुसऱ्यानं 'आयरेन' म्हटल्यावर बाईंना उमगलं. पाहिजे होती अंडी!

पुढे लंडनकडच्या कचेऱ्यांचं नि छापखान्यांचं वळण तेच शुद्ध ठरलं. 'एगिज' टिकली, 'आयरेन' फुटली. स्पेलिंग खिळ्यांत अडकलं, उच्चार मात्र पुढे निघून गेला. 'नाइट'मधला 'के' एके काळी चांगला खणखणीत बोलत असे. आज नुसताच दाराशी उभा आहे. डॉ. जॉन्सन भाषेला वेसण घालायला निघाले. १७५५ साली चाळीस हजारांवर शब्दांचा कोश काढला, आणि प्रस्तावनेत कबूल केलं की भाषा काही बांधून ठेवता येत नाही.

हे वाचताना मला त्या अंडीवाल्या बाईंची नव्हे, आमच्या वऱ्हाडातल्या आजीची आठवण झाली. ती 'पानी' म्हणायची. छड्या खाऊन शहाणा झालेला मी तिला चारचौघांत म्हणालो, "आजी, 'पानी' नाही, 'पाणी'! पुस्तकात तसंच आहे."

आजीनं पेला पुढे केला. "तुह्या पुस्तकातल्या पान्यानं तहान भागते का रे, बाबू?"

पाणी मी प्यालो. तिची माफी मागायची मात्र राहून गेली. तेवढं 'डेट' अजून माझ्या नावावर आहे, 'बी'सकट.