संदेशात शिरलेली 'टिंग'

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतले हौशी रेडिओचालक जुन्या टेलिप्रिंटरवरून एकमेकांना लेखी संदेश पाठवू लागले. टेलिप्रिंटर आणि रेडिओ यांच्यामध्ये त्यांना एक जोडयंत्र लागे. ते तेवढे एकच काम करी.

1998 मध्ये ब्रिटनच्या पीटर मार्टिनेझ यांनी 'पीएसके 31' ही पद्धत मांडली. तिच्यात जोडयंत्राचे काम संगणकातले साउंड कार्ड करू लागले. अक्षरांचा सूर बनतो आणि तो प्रक्षेपकाकडे जातो. हा सूर जेमतेम 31 हर्ट्झ जागा व्यापतो, तर बोलण्याला सुमारे 2,500 हर्ट्झ लागतात. म्हणजे एका बोलण्याच्या जागेत अनेक लेखी संवाद मावतात.

पण संगणक चूक दाखवतो तेव्हाची 'टिंग'ही त्याच कार्डातून निघते. सूर संदेशाचा की सूचनेचा, हे कार्डाला कसे कळावे? प्रक्षेपण चालू असताना 'टिंग' झाली, की तीही हवेत जाते. तिच्यात अनेक कंप्रता मिसळलेल्या असल्याने शेजारचे संवादही बिघडतात. आवाज येताच आपोआप सुरू होणारा प्रक्षेपक असेल, तर नुसत्या 'टिंग'नेही प्रक्षेपण सुरू होते!

दोष कसा शोधायचा? रेडिओकडे जाणारी तार काढून तिथे इअरफोन लावायचा. आपल्याला जे ऐकू येईल, तेच हवेत जाणार. उपाय दोन: सूचनांचे आवाज बंद करणे, किंवा रेडिओसाठी वेगळे साउंड कार्ड बसवणे. दुसऱ्या उपायात आपण पुन्हा एकच काम करणाऱ्या जोडयंत्राकडेच वळतो.